उभ्या फळीची खूण

दोन हजार पाच साली चांदूर बाजारच्या आमच्या ले-आउटात, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, अशी पक्की खबर होती, की नकाशेवाले देवराव आणि त्यांची बायको मनकर्णाबाई संसार सोडून जपानला भिक्खू व्हायला चालले आहेत. पुरावे भक्कम होते. नव्या घरात पलंग नव्हता, सोफा नव्हता, साधी खुर्चीसुद्धा नव्हती. आतली दारं कापडाची. भिंतींना प्लास्टर नाही. चपला पायरीखाली काढल्याशिवाय कलेक्टर आला तरी आत प्रवेश नाही. आणि मनकर्णाबाई भरदिवसा डोळे मिटून सिमेंटच्या तुकड्यांवरून हात फिरवत बसतात, हे तर एका माणसानं कंपाउंडवरून डोकावून स्वतः पाहिलं होतं.

तो माणूस मीच. खबरही माझ्याच सिमेंट-लोखंडाच्या दुकानाच्या बाकावरून निघाली. त्या वर्षी गिऱ्हाईक नव्हतं, बाक रिकामा नव्हता, मग दुसरं काय निघणार?

खबर खोटी होती. मनकर्णाबाईंना कुठंही जायचं नव्हतं. त्यांना फक्त स्वतःच्या घरात, कोणाचा हात न धरता, या खोलीतून त्या खोलीत जायचं होतं. त्यांची नजर चालली होती. घर बांधून झालं तोवर ती जवळजवळ गेलीच. हे देवरावांना माहीत होतं, मुलीला, नीलमला, माहीत होतं, आणि कुर्बान मिस्त्रीला माहीत होतं. मी भिंतीला भिंत लावून राहतो, मला माहीत नव्हतं.

मनकर्णाबाई शेंदूरजनाघाटच्या. वडील संत्र्याच्या बगिच्यांत तोडीला जात, पोरगी सोबत असे. फळ तोडीला आलं की नाही, हे ती सालीवरून बोट फिरवून सांगायची म्हणे. सातवी झाली आणि देवरावांशी लग्न झालं. देवराव अकोल्याला पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. तीस वर्षं त्यांनी कागदावर कालवे काढले. त्यांतल्या काहींत पुढे पाणीही आलं. "अन् बाकीचे?" मी विचारायचो. "बाकीचे कागदावर भरून वाहून राहिले," ते म्हणायचे. माणूस कमी बोलणारा, पण बोलला की असं.

अकोल्याच्या क्वार्टरमध्ये बाईंनी साऱ्या कॉलनीला वाकळी शिवून दिल्या. जुन्या लुगड्यांच्या थरांवर त्यांचा टाका असा सरळ जायचा, की देवराव आपली पट्टी लावून पाहत आणि मान हलवत. दोन हजार तीन साली देवराव निवृत्त झाले, आणि आधी घेऊन ठेवलेल्या आमच्या शेजारच्या प्लॉटवर टिनाच्या दोन खोल्या टाकून दोघं राहायला आले.

आल्या आल्या मी बाईंबद्दल मत बनवून टाकलं. दिवेलागणीला समोरून गेल्या तर ओळख देत नाहीत. नमस्कार केला तर भलतीकडे पाहतात. "अकोल्याचं पाणी लागलं," मी सत्यभामेला, म्हणजे आमच्या घरच्या सरकारला, सांगितलं. पुढे एकदा त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. भातात खडा लागला. दुसरा लागला तेव्हा मी म्हणालो, "वयनी, सिमेंटवाल्याले गिट्टी वाढली का?" सगळे हसले. बाईही हसल्या. देवराव मात्र ताटावरून उठून पाणी प्यायला गेले, आणि बराच वेळ पीत होते.

तो खडा अजून माझ्या दाताखाली येतो.

डोळ्यांच्या पडद्याचा आजार. अकोल्याच्या डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं, की याला औषध नाही. आधी अंधारात दिसेनासं होईल, मग बाजूचं, मग समोरचं. बाईंच्या हिशेबानं उजेड आधी परातीएवढा होता, मग ताटाएवढा झाला, आता वाटीएवढा उरला होता. त्यांच्या आईचंही असंच झालेलं, पण तेव्हा त्याला म्हातारपण म्हणत. डॉक्टर आणखी एक वाक्य बोलले होते: हा आजार घराण्यात चालतो. ते वाक्य दोघांनी तिथंच गिळलं, कारण नीलम लग्नाची होत होती. अमरावतीला ती मास्तरकीचं शिकत होती. तिचे डोळे तपासून झाले होते, काही नव्हतं. पण सोयरिकीच्या बाजारात खबर आधी पोचते आणि तपासणी मागून येते, हे त्यांना ठाऊक होतं. आणि खबरीचं दुकान कुठं आहे, हेही.

घराची कल्पना बुद्धगयेला निघाली. अकोल्याहून बस गेली होती, तीत दोघं गेले. तिथं एका जपानी विहाराच्या धर्मशाळेत जागा मिळाली. खोलीत चटई आणि एक बुटकं मेज, बाकी काही नाही. दार बाजूला सरकणारं. कुठं उंबरा नाही. भिंतीला उभ्या लाकडी पट्ट्या. संध्याकाळी लाइट गेली. देवराव काडेपेटी चाचपत बसले, तेवढ्यात बाई पट्ट्यांवर हात ठेवून अंगणापर्यंत गेल्या आणि परत आल्यासुद्धा.

"इथं काईच आडवं येत नाई," त्या म्हणाल्या. "घर बोलत नाई, पन सांगते."

देवरावांनी परत आल्यावर नकाशाचा कागद पसरला. तीस वर्षं पाण्याला वाट काढून देणारा माणूस. आता बायकोला काढून द्यायची होती.

मदतीला कुर्बान मिस्त्री. कुर्बान सेंट्रिंगवाले, म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधी फळ्यांचा साचा बांधणारे. त्या वर्षांत त्यांच्या फळ्या घरामागं रचून पडल्या होत्या. कापसाचा भाव बसला की चांदूर बाजारात आधी मिस्त्री बसतो, मग माझ्यासारखा दुकानदार. कोणी स्लॅब ओतत नव्हतं. तेव्हा कुर्बानजवळ वेळ होता, आणि देवरावांना वेळ देणाराच माणूस हवा होता.

लाकडी भिंत वाळवीनं दोन वर्षांत खाल्ली असती. कुर्बान म्हणाले, "भाऊ, लाकूड कायले? काँक्रीट करू. माल मुका असते, पन फळी जशी तशी उमटते. रेघ, गाठ, खिया, काई लपत नाई. म्हनून तं लोक प्लास्टर करते, मिस्त्रीची चोरी झाकाले."

मग ते तुकडे आले, जे मी कंपाउंडवरून पाहिले. तेलाचे डबे आडवे कापून, त्यांत निरनिराळ्या फळ्या घालून, कुर्बाननं काँक्रीटचे सात-आठ नमुने ओतले होते. फळ्या तारेच्या ब्रशनं घासून त्यांच्या रेघा आधी वर काढलेल्या. बाई अंगणात चटईवर, डोळे मिटून. कुर्बान एकेक तुकडा पुढे सरकवत होते. तेव्हाचं बोलणं मला पुढे कुर्बाननीच सांगितलं.

"भाभी, हे?"

"साग. रेघा सरय हायेत. हात पुढं पुढं जाते. हे रस्त्याले ठेवा."

"अन् हे?"

"बाभूय. गाठ हाये इथं, बोट अडते. नको."

"आता हे सांगा."

त्या थांबल्या. दोन्ही हातांनी चाचपलं. मग हसल्या. "हे तं पोतं हाये, मिस्त्री."

"सरकीचं. आतून लावलं होतं."

"मंग हे न्हानीले. हात लागला का समजन, न्हानी आली."

मी कंपाउंडच्या या बाजूला उभा राहून सत्यभामेला हळूच म्हणत होतो, "सिमेंटची पूजा चालू हाये. आता आरती होईन."

घर असं ठरलं. दारातून स्वयंपाकघरापर्यंत एक सरळ बोळ. त्याच्या भिंतीवर कमरेपासून खांद्यापर्यंत सागाच्या फळ्यांची खूण. आडवी फळी म्हणजे चालत राहायचं. वीतभर उभ्या फळ्या लागल्या की दार आलं. पोत्याची वीण लागली की न्हाणी. स्वयंपाकघरात फळीची कड बोटभर पुढे काढलेली, ती संपते तिथं ओटा. उंबरे नाहीत. दारं सरकती, सागाच्या पट्ट्यांवर मांजरपाट ताणलेली, कारण अर्धवट उघडं राहिलेलं दार कपाळमोक्ष करतं. चपला पायरीखाली, म्हणजे घरात पायात काही येणार नाही. खुर्ची नाही, स्टूल नाही. अंगणात पूर्णा नदीचे गोटे पसरलेले, कोण आलं ते पावलांवरून कळायला. गोट्यांच्या मधोमध शेंदूरजनाघाटहून आणलेलं संत्र्याचं एक कलम. बैठकीच्या भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेब, आणखी एक खिळासुद्धा नाही.

दोन हजार पाचच्या थंडीत दोघं राहायला गेले. वर्षभर मी पाहत होतो, बाई घरात कशा चालतात ते. मान ताठ, डावा हात भिंतीवर, पाय न अडखळता. चहा घेऊन यायच्या तर कपातलं हलायचं नाही. "वयनी भिंतीले गोंजारून राहिल्या," मी म्हणायचो. "देवरावभाऊले कधी गोंजारलं का इतकं?" त्या म्हणायच्या, "भिंत उलटून बोलत नाई." आणि मी खूश होऊन घरी जायचो. हे सांगतो अशासाठी, की त्या वर्षी त्या बाईइतकं मोकळं चालणारं माणूस आमच्या ले-आउटात दुसरं नव्हतं.

आता प्लास्टरचं सांगतो. त्या वर्षांत आमच्या भागात निम्मी घरं उघड्या विटांची होती. बरं पीक आलं तेव्हा काढलेली, कापसाच्या पऱ्हाटीनं दगा दिल्यावर थांबलेली. कॉलमच्या सळ्या गंजून आभाळाकडे बोट दाखवत उभ्या. सोयरिकीला आलेले पाहुणे आधी भिंत पाहत, मग मुलगी. प्लास्टर नाही म्हणजे घर थांबलं, घर थांबलं म्हणजे माणूस थांबला. आणि थांबलेल्या माणसांचं काय होत होतं, ते रोज पेपरात यायचं. प्लास्टरविना घर मुद्दाम बांधतात, यावर माझाच काय, चांदूर बाजारात कोणाचाच विश्वास नव्हता. आम्ही सगळ्यांनी मनात धरलं होतं, की देवरावांचं थांबलं, आणि जपान-बिपान हे नुसतं झाकायला आहे.

दोन हजार सहाच्या डिसेंबरात नीलमला मूर्तिजापूरचं स्थळ आलं. मुलगा मास्तर, बाप भगवंतराव, आत्या पार्बताबाई. रविवारी पाहायला येणार. गुरुवारी देवराव, मनकर्णाबाई आणि नीलम तिघंही अकोल्याला गेले. "नणंदेकडं जाऊन येतो," बाई म्हणाल्या, आणि कलमाला पाणी घालायला सत्यभामेजवळ चावी देऊन गेल्या. खरं काम वेगळं होतं. नीलमच्या डोळ्यांचा डॉक्टरी दाखला आणायचा होता. पाहुण्यांना द्यायला.

आमच्याकडे मुलगी पाहणं एका घराचं नसतं, गल्लीचं असतं. कोणी कप देतं, कोणी चादरी, कोणी पोह्यांना शेंगदाणे. मी बाकावर बसून म्हणालो, "पाहुने येतीन अन् भिंत पाहून वापस जातीन. पोट्टीचं कल्यान करा लेकहो." माझ्या गोदामात पावसाळ्यात ओल लागलेल्या सिमेंटच्या दहा थैल्या होत्या. अजून महिना गेला असता तर दगड झाल्या असत्या. दोन गवंडी महिन्यापासून रिकामे होते, ते चहा-जेवणावर तयार झाले. रेती कोणाच्या तरी दारात पडलीच होती. बायकांनी पाणी वाहिलं. लेकराबाळांचं लग्न असल्यासारखं सारं ले-आउट लागलं. कुर्बान असते तर त्यांनी हात धरला असता. पण इथं काम नाही म्हणून ते नांदगाव पेठला एमआयडीसीत कुठल्याशा शेडच्या कामावर गेले होते.

काँक्रीटवर प्लास्टर सहज धरत नाही. गवंड्यांनी आधी छिन्नी-हातोडी घेऊन सगळ्या बोळभर टोचे मारले. सागाच्या रेघा कपच्या-कपच्यांनी खाली पडत होत्या. राखाडी भुकटी उडत होती. एक गवंडी मला म्हणाला, "शेट, नक्षी चांगली हाये, जाऊ द्या का?" मी म्हणालो, "नक्षी नाई ते, पैसा संपल्याची निशानी हाये. मार जोरानं."

ओल्या प्लास्टरवर रंग लागत नाही, म्हणून दर्शनी भिंतीपासून बैठक-बोळापर्यंत वरून गुलाबी चुना मारला. तो सत्यभामेच्या पसंतीचा. स्वयंपाकघर तेवढं राहिलं, शनिवारची दुपार झाली होती.

संध्याकाळी ऑटो आला. आम्ही वीस-पंचवीस जण रस्त्यावर उभे, लग्नातल्यासारखे. देवराव उतरले, घराकडं पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नीलम जिथल्या तिथं थांबली. मनकर्णाबाई गोट्यांवरून पायरीपर्यंत आल्या. तिथं नाक उचललं. चप्पल काढली, आत पाऊल टाकलं, सवयीनं डावा हात भिंतीवर ठेवला. हात तिथंच राहिला. मग त्यांनी तो उचलून बोटं चोळली. चुना लागला होता.

"ऑटोवाल्यानं दुसऱ्याच्या घरी उतरोलं का?" त्यांनी विचारलं.

आम्ही सगळे खदखदून हसलो. मी म्हणालो, "घर तुमचंच हाये वयनी. नशीब तेवढं नवं हाये."

त्या हसल्या नाहीत असं नाही. "चांगलं केलं भाऊ," त्या म्हणाल्या. "बसा सगये. च्या मांडतो." पण त्या जागच्या हलल्या नाहीत. मला वाटलं, गहिवर आला. सत्यभामा आत जाऊन चहा करून घेऊन आली. बाई तेवढा वेळ दारातच, चुन्याचा हात हवेत तसाच धरून.

त्या रात्री त्या घरात काय झालं, मला माहीत नाही. देवराव सकाळी आले तेव्हा मला वाटलं, आभार मानायला आले. ते एवढंच म्हणाले, "जानराव, आज घरात काई ठेवू नका. जसं हाये तसं राहू द्या." मी म्हणालो, "तुमी चिंता नका करू." आणि मंडपवाल्याकडून आठ प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. पाहुण्यांना जमिनीवर बसवतात काय? सहा बैठकीत मावल्या. दोन बोळात ठेवल्या.

पाहुणे आले, बसले. भगवंतराव भिंतीकडे बघून मान डोलावत होते, आणि मी त्यांच्या मागं उभा राहून छाती काढत होतो. पाणी मुलीच्या आईनं आणायचं असतं. नीलम म्हणाली होती, "मी आनतो आई." बाई नाही म्हणाल्या. देवरावांनी मला पुढे कधीतरी सांगितलं: "मी पाहुन्यांले सांगनारच होतो, पानी झालं का लगेच. दाखलाबी खिशात होता. पन आधी त्यांनी तिले चालतानी पाहावं, असं वाटत होतं. आंधयी म्हनून पाहाच्या आधी."

बाई स्वयंपाकघरातून निघाल्या तेव्हा त्यांचा हात फळीच्या कडेवर होता, कारण तिथं प्लास्टर पोचलं नव्हतं. चाल नेहमीची, मान ताठ, ट्रेमध्ये सहा पेले. कोपरा वळल्या. हात गुळगुळीत भिंतीवर आला आणि पाय हळू झाले. मग मी पाहिलं की त्यांचे ओठ हलत होते. त्या पावलं मोजत होत्या. चौथ्या पावलाला माझी खुर्ची होती.

ट्रे खाली गेला. पेले स्टीलचे, फुटले नाहीत, नुसते वाजले. एक लोळत बैठकीत पार्बताबाईंच्या पायापर्यंत गेला. बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या, पदर भिजलेला. त्या चुकीच्या बाजूला तोंड करून म्हणाल्या, "माफ करजा हो. आनतो पुन्हा."

पार्बताबाईंनी देवरावांना हळू आवाजात विचारलं, "यांले दिसत नाई का?"

"नाई," देवराव म्हणाले.

"कवापासून?"

"हळूहळू गेलं. पडद्याचा आजार हाये."

"मंग पोरीले?"

देवरावांनी खिशातून दाखला काढून पुढे केला. "तिले नाई. परवाच तपासलं."

भगवंतरावांनी कागद घेतला, घडी उघडली नाही, आणि तसाच चटईवर ठेवला. मग सगळ्यांनी चहा घेतला. नीलमनं आणला. पोहे चांगले झाले म्हणाले. निघताना "कळवतो" म्हणाले. मूर्तिजापूर काही लांब नाही, पण ते कळवणं आजवर पोचलं नाही.

मी त्या दिवशी दुकान उघडलं नाही. बाकावरची माणसं विचारायला घरी आली, "काय झालं, काय झालं?" मी म्हणालो, डोकं दुखतं. हे माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं म्हणून ती मंडळी घाबरली.

आठवड्यानं कुर्बान मिस्त्री नांदगाव पेठहून आले. भिंत पाहिली. मला वाटलं, आता शिव्या पडतील, आणि पडाव्यात असंही वाटत होतं. त्यांनी हातोडीनं एक कोपरा हळूच उडवला. प्लास्टर निघालं, पण त्याखाली नुसते टोचे, देवी आलेल्या चेहऱ्यासारखे. त्यांनी आणखी दोन ठिकाणी उडवून पाहिलं. मग खाली बसले.

"जानरावभाऊ," ते म्हणाले, "एकेक फळी मी तिले हातानं दाखोली होती. भिंतीत लावाच्या आधी. एकेक."

मी म्हणालो, नवीन भिंत ओता, सिमेंट माझं. ते म्हणाले, ही भिंत छताला बांधलेली आहे, पाडली तर घर उतरवावं लागेल. मग त्यांनी आपल्या उरलेल्या सागाची एक पट्टी रंधून बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकून दिली, हाताच्या उंचीवर. पैसे घेतले नाहीत. बाईंनी पट्टी धरून दोन खेपा केल्या आणि म्हणाल्या, "चांगली हाये मिस्त्री. रस्ता सांगते." तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, "दार नाई सांगत." कुर्बाननी दारापाशी खाचा करून दिल्या. त्या खाचा त्यांना कळतात. पण पाहुणे गेल्यापासून त्या बोळात फारशा येत नाहीत. ज्या घरात एकही उंबरा ठेवला नव्हता, त्या घरात त्या आता स्वयंपाकघरात राहतात. तिथली भिंत अजून त्यांची आहे.

याला चार वर्षं झाली. वाटीएवढा उजेड होता, तोही गेला. नीलम अकोल्याला एका शाळेत शिकवते. स्थळं येतात, आईचं ऐकून जातात. ती शनिवारी येते आणि रविवारी जाते. देवराव अजून नकाशे काढतात, पण दाखवत नाहीत. गुलाबी चुना आता पोपडे धरतो. संत्र्याच्या कलमाला यंदा पहिला बहार आला, तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारात बसून सत्यभामेला म्हणाल्या, "फुटलं ना? वास आला मले." वाकळ शिवणं त्यांनी सोडलं नाही. दोरा सुईत घालायला मात्र सत्यभामा रोज दुपारी जाते. टाका अजून सरळ जातो.

मीही जातो कधीमधी. जमिनीवर बसायला माझे गुडघे ऐकत नाहीत, म्हणून आपल्या घरून खुर्ची घेऊन जातो. परवा तसाच गेलो होतो. इकडचं तिकडचं झालं. कोणाची बैलजोडी विकली, कोणाच्या पोरीनं पळून जाऊन लग्न केलं. त्या हसून ऐकत होत्या, हात वाकळीवर. मग चार वर्षं जे घशात होतं ते मी बोलून टाकलं. म्हणालो, "वयनी, मले एक डाव सांगतलं असतं तुमी, तं मी त्या भिंतीले बोट लावू देल्लं नसतं कोनाले. काहून नाई सांगतलं?"

सुई थांबली. त्यांनी तोंड माझ्याकडं केलं, अगदी बरोबर माझ्याकडं.

"तुमाले सांगतलं असतं, तं दुसऱ्या दिवशी साऱ्या चांदूर बाजारले कयलं असतं. नाई सांगतलं, तं भिंत गेली. तुमच्या शेजारी राहाचं म्हनजे काई ना काई जातेच, जानरावभाऊ. च्या पेऊन घ्या. अन् जातानी तुमची खुर्ची घेऊन जाजा."